विहाराची वेबसाईट : साधने निवडताना

विहाराची, अभ्यासिकेची किंवा महिला मंडळाची एक लहानशी वेबसाईट असावी, असा विचार आपल्या वस्त्यांतून आता बोलून दाखवला जातो. ही समाधानाची गोष्ट आहे. पण बैठकीत विषय निघाला की पहिलाच प्रश्न येतो, ‘कशात करायची?’ एक मुलगा वर्डप्रेसचे नाव घेतो. दुसरा म्हणतो, सगळे फुकटात होते. तिसऱ्याच्या ओळखीचा कोणी पंचवीस हजारांत करून द्यायला तयार असतो. ज्यांच्या खिशातून वर्गणी जायची, ते गिरणीतून घरी बसलेले काका, सफाई खात्यात नोकरी करणारे दादा आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई यांना त्यातले काही कळत नाही. ते मुकाट्याने मान डोलावतात.

आमचे म्हणणे असे आहे की, वर्गणी ज्यांची, त्यांना निर्णय कळलाच पाहिजे. हा विषय काही फार अवघड नाही. घर भाड्याने घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी केली तरी पुरे. म्हणून या वेळच्या सदरात साधने कशी निवडावी, याचाच विचार करू.

बाबासाहेबांच्या पत्रांचा धडा

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात छापली नाही, हा इतिहास आपल्या घराघरांत माहीत आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे निघाली. मधल्या छत्तीस वर्षांत पैशाची ओढाताण झाली, पत्रे बंद पडली, नवी सुरू झाली. पण बाबासाहेबांनी एक गोष्ट सोडली नाही. पत्र आपले हवे आणि छपाईची सोयही आपल्या हाती हवी, यासाठी ते झटले. दादरचा ‘भारत भूषण’ छापखाना त्यातूनच उभा राहिला.

आज छापखान्याची जागा बऱ्याच अंशी मोबाईलने घेतली आहे. आपले मंडळ आपली खबर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकते, जयंतीचे फोटो फेसबुकवर ठेवते. त्यात वाईट काही नाही. निरोप पोचवायला ही माध्यमे चांगली आहेत. पण ती जागा परक्याची आहे, हे विसरता कामा नये. याहू कंपनीच्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपली पाने थाटली होती. २००९ साली कंपनीने ती सेवा बंद केली. आपल्या अनेक तरुणांनी ज्या ऑर्कुटवर पहिल्यांदा ‘जयभीम’ टाईप केले, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले. आणि ग्रुपवरचे फोटो तर कोणाचा मोबाईल बिघडला, कोणी मेमरी भरली म्हणून पुसले, की गेलेच.

आपल्याकडे जपण्यासारखे काय आहे, ते पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आईचे बोट धरून नागपूरला गेलेली दहा वर्षांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ साली मराठवाड्यात ज्यांची घरे जाळली गेली, त्यांतले कितीतरी जण मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत राहिले आणि तेथेच म्हातारे झाले. त्यांचे बोल कोणी लिहून घेतले नाहीत, तर ते त्यांच्याबरोबर जातील. वेबसाईट हवी ती प्रामुख्याने यासाठी. आणि म्हणूनच तिची साधने अशी निवडावी की ती दहा-वीस वर्षांनीही आपल्या हातात राहतील.

आधी कागद, मग संगणक

साधन ठरवण्याआधी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने करा. पहिल्या रकान्यात क्वचित बदलणाऱ्या गोष्टी लिहा : विहाराचा पत्ता आणि इतिहास, अभ्यासिकेची वेळ, ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, ज्येष्ठांच्या आठवणी, जुने फोटो. दुसऱ्या रकान्यात वरचेवर बदलणाऱ्या गोष्टी लिहा : वंदनेची व कार्यक्रमाची वेळ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, वर्षावासातील प्रवचने.

बहुतेक मंडळांचा पहिला रकाना लांब आणि दुसरा आखूड निघेल. महिन्यातून एक-दोन बदल, एवढेच काम असेल. हा कागदच साधन कोणते घ्यावे ते सांगतो.

तीन मार्ग

पहिला मार्ग साध्या पानांचा. वेबचे प्रत्येक पान मुळात एचटीएमएल नावाच्या खुणांनी लिहिलेली साधी मजकुराची फाईल असते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला ‘हा मथळा, हा परिच्छेद, येथे चित्र’ अशा खुणा करून देत, तसाच हा प्रकार आहे. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने ही पद्धत जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत काढली. १९९१ साली वेब जगासमोर आले आणि १९९३ साली सर्नने ते सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या पहिल्या काळातली पाने आजच्या मोबाईलवरही उघडतात. इतका टिकाऊपणा दुसऱ्या साधनात क्वचितच सापडेल.

ही पाने लिहायला विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. संगणकातले नोटपॅड पुरते. ती ठेवायला गिटहब पेजेससारख्या सेवा पैसे घेत नाहीत. (मात्र तेथे फुकट खाते असेल तर फाईली सर्वांना दिसतात, हे ध्यानात ठेवावे.) संपूर्ण वेबसाईट एका पेन ड्राइव्हवर मावते आणि उद्या जागा बदलली तरी त्याच फाईली दुसरीकडे ठेवता येतात. चोराला शिरायला यात फारशी फटही नसते, कारण आत लॉगिन करायचे दारच नसते. फक्त फाईली ठेवण्याच्या खात्याचा पासवर्ड सांभाळावा लागतो. उणीव अशी की, पंधरा पानांवर खाली फोन नंबर असेल आणि तो बदलला, तर पंधरा ठिकाणी बदलावा लागतो. पाने तीस-चाळीसच्या पुढे गेली की ह्यूगो किंवा इलेव्हंटीसारखी विनामूल्य साधने हे जुळवणीचे काम करतात. पण पहिल्याच दिवशी त्यांच्या मागे लागू नये.

दुसरा मार्ग वर्डप्रेसचा. २००३ साली निघालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि जगातील पुष्कळ वेबसाईटी त्यावर चालतात. मोबाईलवरून लॉगिन करायचे, लिहायचे, बटण दाबायचे, की मजकूर प्रसिद्ध. तीन-चार जण आळीपाळीने दर आठवड्याला लिहिणार असतील, तर याच्याइतके सोयीचे दुसरे नाही. पण सॉफ्टवेअर फुकट असले तरी ते चालवायला पीएचपी आणि डेटाबेस असलेली जागा लागते आणि तिचे भाडे वर्षाला काही हजार रुपये जाते. दुसरे असे की, त्याची देखभाल सतत करावी लागते. नवी आवृत्ती आली की चढवावी लागते. त्याला जोडलेली जी छोटी प्लगिन असतात, तीही अद्ययावत ठेवावी लागतात. तसे न केल्यास याच फटींतून परके लोक आत शिरतात आणि विहाराच्या पानावर एके दिवशी जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. पाळायला जनावर आणले की चारापाणी रोजचे आले, तसेच हे आहे. शिवाय वर्डप्रेस या नावाने एक विनामूल्य सॉफ्टवेअर आहे आणि याच नावाची एका कंपनीची सेवाही आहे. करून देणारा कोणते देतो आहे, ते विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग तयार खोलीचा. गुगल साईट्स, विक्स अशा सेवांत आखलेली पाने मिळतात. आपण फक्त मजकूर भरायचा. दुपारच्या दोन तासांत पान उभे राहते. मुलांना हात बसवण्यासाठी हे ठीक आहे. पण येथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये : उद्या येथून निघायचे ठरवले, तर आमचा सगळा मजकूर आणि फोटो बाहेर काढून दुसरीकडे लावता येतील का? उत्तर नाही असेल, तर आठवणींचा ठेवा तेथे ठेवू नये.

सध्या आणखी एक वाट निघाली आहे. एआयला सांगितले की ते पाच मिनिटांत पान लिहून देते. खुणा लिहिण्यापुरती त्याची मदत जरूर घ्यावी आणि लिहिलेली प्रत्येक ओळ काय करते, हेही त्यालाच विचारून शिकून घ्यावे. मात्र वस्तीचा इतिहास त्याच्याकडून लिहवून घेऊ नये. ते न घडलेली गोष्ट घडल्यासारखी ठासून सांगते. आपल्या माणसांचा इतिहास आपल्या माणसांना विचारूनच लिहिला पाहिजे.

आमचे स्पष्ट मत विचाराल तर, ज्या मंडळाची पाने दहा-पंधरा आहेत आणि महिन्याला एक-दोन बदल आहेत, त्याने पहिला मार्ग धरावा. लिहिणारे हात वाढले आणि वर्षभर टिकले, की मग वर्डप्रेसचा विचार करावा. आरंभीच मोठा डोलारा उभा करून तो सहा महिन्यांत ओस पडण्यापेक्षा हे बरे.

नाव कोणाच्या नावावर?

वेबसाईटच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. डोमेन म्हणजे पत्त्याची पाटी. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. आणि फाईली म्हणजे घरातले सामान. खोली बदलली तरी पाटी आणि सामान आपले असले, की लोकांना जुन्याच पत्त्यावर आपण सापडतो.

पाटीचे भाडे वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास असते. पहिल्या वर्षी स्वस्त दाखवून पुढच्या वर्षी जास्त घेण्याची रीत आहे, म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच विचारावा. मुदत चुकली की काही काळाने ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. २०१४ पासून देवनागरीतही ‘.भारत’ असा पत्ता मिळतो. तो हौसेने घ्यायला हरकत नाही. पण मोबाईलवर टाईप करायला लोकांना अजून इंग्रजी अक्षरेच सोपी जातात, म्हणून मुख्य पत्ता त्या अक्षरांत आणि शक्य तितका आखूड असावा. पत्त्याआधीची सुरक्षित जोडणीची सोय, जिला एसएसएल म्हणतात, तिच्यासाठी वेगळे पैसे मागितले तर विचारपूस करावी. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ती प्रमाणपत्रे विनामूल्य देत आली आहे.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना. डोमेन, ज्या ईमेलवर ते नोंदले तो ईमेल आणि होस्टिंगचे खाते ही सर्व मंडळाच्या नावावर असावीत, करून देणाऱ्या मुलाच्या नावावर नव्हे. मुलगा गुणी असतो, मनापासून काम करतो. पण उद्या त्याला पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहते. दोष कोणाचाच नसतो आणि पाटी मात्र जाते. मंडळाचे बँक खाते जसे दोन सह्यांचे असते, तसेच पासवर्ड निदान दोघांना ठाऊक असावेत आणि इतिवृत्ताच्या वहीबरोबर बंद पाकिटात ठेवलेले असावेत. नवी कार्यकारिणी आली की ते पाकीट तिच्या हाती द्यावे आणि पासवर्ड बदलावेत.

अक्षरे आणि फोटो

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करावा. आपल्या जुन्या स्मरणिका आणि निमंत्रणपत्रिका त्या वेळच्या डीटीपीच्या फॉन्टांत झालेल्या असतात. तो मजकूर जसाच्या तसा उचलून पानावर टाकला, तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि शोधणाऱ्यालाही तो सापडत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, मग एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाकडून तपासून घ्यावा. वेगळा फॉन्ट हवाच असेल, तर नोटो किंवा मुक्त यांसारखे देवनागरी फॉन्ट विनामूल्य आहेत. नसला तरी चालते. आजच्या मोबाईलमध्ये देवनागरी अक्षरे असतातच.

कार्यक्रमाचे नुसते रंगीत बॅनर चित्र म्हणून लावू नये. त्यातली अक्षरे शोधात येत नाहीत आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाईल ती नीट वाचून दाखवू शकत नाही. तारीख, वेळ, स्थळ हे खाली अक्षरांत लिहावे.

फोटोंचा भार हा साध्या घरातल्या वाचकाच्या खिशावरचा भार असतो. आम्ही येथे जेवढे लिहिले आहे, तेवढा मजकूर साठवायला साधारण चाळीस-पन्नास केबी जागा लागते. मोबाईलने काढलेला एकच फोटो चार एमबीचा, म्हणजे तसल्या ऐंशी-शंभर लेखांएवढा असू शकतो. असे दहा फोटो एका पानावर टाकले, तर ज्या आजीच्या नातवाचे रिचार्ज संपत आले आहे, तिच्यासाठी ते पान उघडणारच नाही. फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचा करून दीडशे-दोनशे केबीवर आणावा. मूळ मोठा फोटो मात्र हार्ड डिस्कवर जपावा, तो कधीही टाकू नये. भाषणांचे आणि भीमगीतांचे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून पानावर दुवा द्यावा. त्यांचीही मूळ प्रत घरी हवी.

काय ठेवू नये

वधू-वरांची यादी नाव, फोटो, पत्ता आणि फोन नंबर यांसह उघडी ठेवू नये. मुलींना त्याचा किती त्रास होतो, हे आयांनी वेगळे सांगायला नको. अशी माहिती मंडळाच्या ताईंकडे वहीत राहू द्यावी आणि पानावर फक्त मंडळाचा नंबर द्यावा. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचे कौतुक जरूर छापावे, पण त्यांच्या व पालकांच्या संमतीने. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट त्यात आहे. आपल्या समाजाची दुखरी बाजूही लक्षात घ्यावी. गावाहून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने आपली ओळख सांगावी की नाही, कधी सांगावी, हे त्याने ठरवायचे आहे. मंडळाने परस्पर ठरवू नये.

हे पाच प्रश्न कापून ठेवा

कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला, त्याचा आशय आपण जाणतो : परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मान्य करू नये, स्वतः पारखून घ्यावे. वेबसाईट करून देणारा समोर बसला, की त्याला हे विचारा :

१. डोमेन मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या ईमेलवर नोंदणार ना?

२. दुसऱ्या वर्षापासून एकूण खर्च किती? आकडा लिहून द्या.

३. सर्व फाईली आणि फोटो आमच्या पेन ड्राइव्हवर मिळतील ना?

४. कार्यक्रमाची तारीख बदलायची झाली, तर आमची मुलगी ती कशी बदलेल? आमच्यासमोर तिच्याकडून बदलून घ्या.

५. आमच्यातल्या सर्वांत साध्या मोबाईलवर पान उघडून दाखवा.

पाचही उत्तरे समाधानकारक असतील, तर पंचवीस हजारही वाया गेले असे म्हणता येणार नाही. एकालाही टाळाटाळ झाली, तर पाच हजारही महागच.

आरंभ कोठून करावा?

हे काम एकट्या मुलावर टाकू नये, आणि ‘ते मुलांचे काम’ असेही समजू नये. एमएस-सीआयटी केलेल्या मुली घरोघर आहेत. एक मुलगी, एक मुलगा आणि एक वयस्क व्यक्ती असे तिघे नेमावेत. मुलांनी पान लिहावे, वयस्काने तारखा आणि नावे तपासावीत. महिन्यातून एकदा सर्व फाईलींच्या दोन प्रती काढाव्यात, एक विहारात आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. पावसाळ्यात ज्या वस्त्यांत पाणी शिरते, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. दोन रकान्यांचा कागद करा, पाटीसाठी हजार रुपये जमवा आणि वस्तीतल्या सर्वांत ज्येष्ठ आजीकडे दोघांना वही घेऊन पाठवा. पान तयार व्हायला महिना लागला तरी चालेल. आजीचे बोल मात्र त्याच आठवड्यात लिहून घ्या.

जयभीम!